पेंढ्याखालचं पाणी

"पाण्याची बाई हाय ती. बाटल्या नाय दिसत तुला?"

म्हशाहून मुरबाडला निघालेल्या जीपमध्ये हे वाक्य माझ्या मानेमागून आलं. मागच्या बाकावर जत्रेतून परतणाऱ्या दोन बायका होत्या. एकीच्या मांडीवर नवी घोंगडी होती आणि तिची लोकर माझ्या मानेला टोचत होती. माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यावर पारदर्शक पिशवीत रिकाम्या बाटल्या. लपवायला जागा नव्हती.

"मग करते काय ती?" दुसरीने विचारलं.

"करते काय? पाणी नेते, नि मग लाल कार्ड येतं. विहिरीचं पाणी प्यायचं नाय, झालं. पलीकडच्या पाड्याला आलं ना गेल्या साली. बसल्यात आता टेकडीखालून हंडे चढवत."

"पण लहान दिसते गो."

"लाल पेन पण लहानच असतंय."

दोघी हसल्या. मी वळून सांगायला हवं होतं की मी पाणी खात्याची नाही, तुमच्या विहिरीशी माझा काही संबंध नाही. वाक्य मनात जुळवायला घेतलं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलते, पण कामाचं काही मराठीत सांगायचं म्हटलं की मला आधी मनात तालीम करावी लागते. तालीम पुरी होईपर्यंत त्या दोघी बांगड्यांच्या भावावर पोचल्या होत्या. मग मला फोन आला. ज्यांच्याकडे मुक्कामाला जायचं होतं त्या वनितावहिनींचा. मी म्हटलं, "हो वहिनी, संध्याकाळपर्यंत पोचते. बाळारामदादांना सांगा, पत्ता आहे माझ्याकडे."

मागे बांगड्या खळखळल्या, एकीने दुसरीला कोपराने ढोसलं असावं.

"अगो," घोंगडीवाली हळूच म्हणाली, पण जीपमध्ये हळू काही राहत नाही, "आपल्याच पाड्यावर येतेय."

म्हसा

त्या दिवसाची सुरुवात पुण्याहून पहाटेच्या एसटीने झाली होती. माळशेज उतरताना मी झोपले होते, त्यामुळे घाटाचं वर्णन माझ्याकडून होणार नाही. जागी झाले तेव्हा दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, त्यांत उभे राहिलेले खुंट, आणि बसभर धुळीचा वास. मुरबाडला उतरून जीपने म्हसा.

मी तिथे कशासाठी गेले ते आधी सांगते. मी जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंवर काम करते. आपल्याला सर्दीचा विषाणू लागतो तसे जिवाणूंनाही त्यांचे विषाणू लागतात, त्यांना फाज म्हणतात. फाज वाटेल त्या जिवाणूत शिरत नाही. जिवाणूच्या अंगावरच्या पातळ पटलात प्रथिनं रुतलेली असतात. त्यांतलं एखादं ठरावीक प्रथिन सापडलं तरच फाज तिथे चिकटतो आणि आत जातो. हे प्रथिन बाहेर काढून नीट पाहायचं तर पंचाईत होते. पटल चरबीसारख्या पदार्थाचं असतं. साबणासारखी रसायनं घालून प्रथिन सोडवलं तर ते उघडं पडतं आणि पुष्कळदा आकारच सोडून देतं. मी साबणाऐवजी एक पॉलिमर वापरते. तो पटलात घुसतो, प्रथिनाभोवतीचा तुकडा गोल कापतो आणि त्या तुकड्याच्या कडेला स्वतःच पट्ट्यासारखा बसतो. हाती येते ती डोळ्यांना न दिसणारी इवलीशी चकती. रोप मुळं धुऊन आणण्याऐवजी मातीच्या गड्ड्यासकट गोणपाटात बांधून आणावं, तसं.

माझं प्रथिन वासरांना हगवण लावणाऱ्या एका जिवाणूचं आहे. चकत्या तयार होत्या, चांगल्या होत्या. त्यांना चिकटणारा फाज नव्हता. पुण्याच्या आसपासच्या गोठ्यांतून आणलेल्या फाजांनी तो जिवाणू मारला खरा, पण ते प्रथिन काढून टाकलेला जिवाणूही तितक्याच सहज मारला. म्हणजे ते दुसऱ्याच वाटेने आत जात होते. फेऱ्या झाल्या, महिने गेले. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "ही एक फेरी कर. नाही मिळाला तर हे प्रथिन सोडून देऊ." ते रागावून बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी वादही घालता येत नाही.

फाज मिळतो तो जिथे जिवाणू माजलेले असतात तिथे. म्हणून मला हवं होतं ते साचलेलं, शेण-मूत मिसळलेलं पाणी, ज्यात कुणी जंतू मारायची पावडर टाकलेली नाही. म्हशाच्या जत्रेत इतकी गुरं येतात, तिथे सुरुवात करावी असं मी नकाशा बघून ठरवलं होतं.

नकाशात माणसं नसतात. बैलांच्या रांगांमधून चालताना मला सारखं वाटत होतं की मी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरले आहे. शिंगांना रंग, गळ्यात रंगीत दोरांची नवी कंडोरी, मालक खाटेवर पाय पसरून. गिऱ्हाईक बैलाचे दात बघत होतं आणि मालक दुसरीकडे बघत असल्यासारखा गिऱ्हाइकाला बघत होता. एका हौदाशी मी थांबले. पाणी हिरवट होतं. बाटली काढली.

"बाटली कशाला ताई?" खाटेवरचा माणूस उठला.

"पाणी… थोडं…" मी हौदाकडे बोट केलं.

"हे? हे बैलांचं हाय!" त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, विसळली, स्वतःच्या जारमधून काठोकाठ भरली आणि परत दिली. "घ्या. उन्हातून आलात. पाणी मागायला लाजायचं काय?"

मी त्यांच्यासमोर उभी राहून ते प्यायले. गार होतं. आभार मानले आणि पुढच्या हौदाकडे गेले, तर तिथे टँकर लागला होता आणि पोरंबाळं हौद घासत होती. जत्रा स्वच्छ ठेवायचं मंडळाने मनावर घेतलं होतं. मी जिलेबी घेतली आणि एका दगडावर बसून खाल्ली. जत्रेतली जिलेबी आमच्या घराजवळच्या दुकानापेक्षा जाड आणि आंबूस असते. मला तीच आवडली. पण हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं, आणि असतं तरी सांगितलं असतं की नाही कुणास ठाऊक.

मुरबाड स्टँड

जीपमधून उतरले तेव्हा डब्यातला बर्फ वितळून तळाशी पाणी झालं होतं. रिकाम्या बाटल्यांसाठी बर्फ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण नमुना मिळाला तर तो गार राहायला हवा. स्टँडबाहेरच्या रसवंतीवाल्याकडे बर्फ मागितला. त्याने लादीचा तुकडा फोडून दिला आणि वर विचारलं, "मासळी हाय काय?" मी मान हलवली, ती कुठल्याही बाजूने हललेली वाटावी अशी.

परत येते तो किन्हवलीची बस फलाटावरून निघालेली. मागच्या खिडकीत घोंगडीवाली दिसली. ती मला हात करत होती, बहुतेक कंडक्टरला थांबायला सांगत होती. बस थांबली नाही. पुढची बस यायला इतका वेळ लागला की स्टँडवरच्या कुत्र्याने सावलीप्रमाणे बरेचदा जागा बदलली. मी बाकावर बसून डब्यावर डोकं टेकलं. पाय दुखत होते, पण त्याहून जास्त दमले होते ते उगीचच्या हसण्याने. अनोळखी माणसांत दिवसभर तोंडावर थोडंसं हसू धरून ठेवावं लागतं, त्याने गाल भरून येतात.

मला तेव्हा कल्पना नव्हती की माझी बस चुकली त्या वेळात माझं काम कुणीतरी धुऊन टाकत होतं.

किन्हवलीच्या पुढे

वनितावहिनी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळणाऱ्या सुरेखाताईंची भावजय. सुरेखाताईंनीच सुचवलं होतं, "माझ्या माहेरी जा. शेजारच्या सुमनकाकींचं वासरू आजारी आहे, पातळ होतंय त्याला." मला हवा तोच आजार. घरी त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "मॅडम पाण्याचे नमुने न्यायला येतायत." त्यात खोटं काही नव्हतं.

पाडा किन्हवलीपासून थोडा आत आहे. मी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. वहिनींचे यजमान बाळारामदादा फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभे होते. डबा मी मांडीत धरला आणि दर खड्ड्याला त्यातला बर्फ खडखडला. दादा भिवंडीकडच्या गोदामात कामाला जातात. त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतली होती, असं त्यांनी मागे न वळता सांगितलं.

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला बाहेरच्या खोलीत बसवतात आणि आतल्या खोल्यांचे पडदे ओढतात. इथे वहिनींनी मला आधी घरामागे नेलं. "चला ताई, बघून घ्या, मग चहा."

गोठा धुतला होता. फरशीवरून हात फिरवला असता तरी काही लागलं नसतं. गुरांच्या मागची चर खरवडून काढली होती आणि तिच्या दोन्ही काठांना पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढल्या होत्या, सरळ, रांगोळीच्या हाताने. जिथे पाणी साचत असणार तिथे ताजा मुरूम टाकून चोपला होता. सगळीकडे पावडरीचा तो नाकात जाणारा वास. शेजारच्या गोठ्यांतूनही तोच येत होता. म्हशी सुद्धा जरा बावरल्यासारख्या उभ्या होत्या.

"कसं वाटतं?" वहिनींनी विचारलं.

त्या वासात एकही फाज जिवंत राहिला नसता. मी म्हटलं, "छान आहे. खूपच स्वच्छ."

"सुमनकाकींचा फोन आला ना मुरबाडहून, का पाण्याच्या मॅडम निघाल्यात. मग सगळ्या बाया लागलो. विहिरीत पण पावडर टाकली, बघा." त्यांनी हात पुढे केले. बोटांची टोकं पांढरी पडून सालं निघाली होती. "झोंबतंय जरा. पण तुमी नीट लिवा."

तेवढ्यात कुडाच्या पलीकडून ओळखीचा आवाज आला. "काय ताई, स्टँडवर कुठं गायब झालात? जागा धरली होती तुमच्यासाठी!" दोरीवर तीच नवी घोंगडी टाकली होती. जीपमधली बाई म्हणजेच सुमनकाकी.

"बर्फ आणायला गेले होते," मी म्हटलं.

"बर्फ! आमी जीव तोडून घासतोय, नि या बर्फाचा गोळा खातायत." सगळ्या हसल्या, मीही. मग मी धीर करून विचारलं, "काकी, तुमचं वासरू…"

"बरं हाय," काकी पटकन म्हणाल्या. "एकदम बरं. काय झालंच नव्हतं त्याला." वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

मी म्हणाले, गोठ्यामागचं थोडं पाणी… पण वहिनींनी मला मध्येच थांबवलं. घरात दिवा लागला होता. "आता नको ताई. दिवेलागण झाल्यावर दूध, दही, गोठ्यातलं कायच आमी बाहेर देत नाय. सकाळी हवं ते न्या." मला उगीच हायसं वाटलं. जे मागायचा धीर नव्हता ते न मागायला कारण मिळालं.

आमच्या प्रयोगशाळेत तपासणीची समिती येते तेव्हा आम्ही वेगळं काय करतो? जुने फ्लास्क शीतगृहात दडवतो, टेबलं स्पिरिटने पुसतो, भिंतीवर नवे तक्ते लावतो. समिती "छान" म्हणते आणि चहा पिऊन जाते. त्या दिवशी ती समिती मी होते.

जेवायला तांदळाची भाकरी, कडव्या वालांचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. सुकट चालते का असं वहिनींनी आधी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. उकड मळताना त्या मधूनच बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकर मारत होत्या. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, थापायची ती कोरड्या पिठावर. इथे हात पाण्यात बुडवून थापतात. म्हणजे त्या सालं गेलेल्या बोटांना प्रत्येक भाकरीला पाणी लागत होतं.

"मी करू का?" मी विचारलं.

"तुमाला येते?"

"नाही."

"मग खा." त्या हसल्या. मग तव्याकडे बघतच म्हणाल्या, "ताई, लाल कार्ड नका देऊ. माझी कंबर बरी नाय. टेकडीखालची बोअरिंग लांब हाय. एक हंडा आणीन, दोन आणीन. रोजचं नाय व्हायचं माझ्याच्यान."

आता बोलायला हवं, हे मला कळत होतं. पण बाळारामदादा समोर होते, त्यांनी सुट्टी घेतली होती. बोटांची सालं गेली होती. हे सगळं फुकट केलंत, शिवाय माझंही काम बुडालं, हे कुठल्या शब्दांत सांगायचं? मी म्हटलं, "बिरडं खूप चांगलं झालंय." वहिनींनी आणखी वाढलं. मी पुरे म्हणाले तर आवडलं नाही असं वाटेल, म्हणून तेही संपवलं. सरांचा निरोप आला होता, 'नमुने मिळाले का?' मी फोन उलटा ठेवून दिला.

सकाळी

थंडी होती. तोंड धुवायला मागे गेले तर पावडरीचा वास रात्रीतून ओसरला होता आणि त्याच्याखालून दुसरा एक वास येत होता. आंबट, जड. तो वास मी झोपेतही ओळखीन.

वास काकींच्या गोठ्यामागून येत होता. तिथे भाताचा पेंढा पसरला होता. पेंढा रचतात तो उंच, माचावर, कोरड्या जागी. हा जमिनीवर, घाईघाईने टाकलेला, मध्ये खोलगट. कडेने ओला झाला होता. शेजारी वासरू बांधलेलं होतं, शेपटीखालचं अंग अजून वाळून चिकटलेलं, पण पायांवर नीट उभं. पाडाभर साफसफाई झाली, पण काकी बसमध्ये होत्या. त्या पोचेपर्यंत पावडर संपली असणार. एकटीने चर खरवडायला उरलेला वेळ पुरला नसणार. त्यांनी ती झाकली.

काकी दात घासत बाहेर आल्या, मला बघितलं आणि येऊन पेंढ्यासमोर उभ्या राहिल्या. काल जीपमध्ये लाल पेनाचा विनोद करणारी बाई हीच, यावर विश्वास बसला नसता.

"काय बघताय?" त्यांनी विचारलं.

"वासरू," मी म्हटलं आणि परत फिरले.

चहा घेईपर्यंत पाड्यातल्या पाच-सहा बायका वहिनींच्या पडवीत जमल्या होत्या. काकी शेवटी आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. ओट्यावर माझ्या बाटल्या ओळीने भरून ठेवल्या होत्या. विहिरीचं पाणी, काचेसारखं, पावडरीच्या वासाचं. वहिनींनी पहाटेच भरल्या होत्या, झाकणं घट्ट लावून, बाहेरून पुसून. एकच बाटली रिकामी राहिली होती, जत्रेतल्या माणसाने मला पाणी पाजलं ती. ती माझ्या झोळीत होती.

शेणवे गावावरून शहापूरला जाणारी जीप फाट्यावर येते, असं दादांनी सांगितलं. मी डबा उचलला.

"आता सांगूनच जा," वहिनी म्हणाल्या. "आमचं पाणी बरं हाय ना?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. जगातली सगळ्यात सोपी गोष्ट होती ती. हो म्हणायचं, भरलेल्या बाटल्या डब्यात घालायच्या, फाट्यावर जायचं. पुण्यात जाऊन सरांना सांगायचं, मिळाला नाही. ते रागावले नसते. इथे या बायका महिनाभर लाल कार्डाची वाट बघत बसल्या असत्या, ते आलं नसतं, आणि माझं नाव चांगलं राहिलं असतं. माझ्या चकत्या फ्रीजच्या मागच्या कप्प्यात गेल्या असत्या.

मी खांबाकडे बघितलं. काकींनी पदर दोन्ही हातांत धरला होता. त्यांना वाटत होतं मी आता सगळ्यांसमोर पेंढ्याचं नाव घेणार. मला ते घ्यावंच लागणार होतं.

मी डबा खाली ठेवला. झोळीतून रिकामी बाटली काढली. मनात तालीम केलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं. म्हणून जे होतं तेच बोलले, जरा जास्तच मोठ्याने:

"मी विहीर तपासायला आलेच नाहीये. कार्डबिर्ड मी देत नाही, तुमच्या विहिरीला काही होणार नाही. हे मी कालच सांगायला हवं होतं. वासरांना हगवण लावणारा जो जंतू असतो, त्याला मारणारा आणखी बारीक जंतू मी शोधतेय, आणि तो फक्त घाणीत सापडतो. काकी, तुमच्या पेंढ्याखालचं पाणी या पाड्यात सगळ्यात घाण आहे. मला तेच हवंय. ही एक बाटली भरून द्याल?"